शितावरून भाताची परीक्षा, पण किती वेळा?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण सहज म्हणून जातो. नमुना घेण्याच्या शास्त्राचा पहिला धडा या एका म्हणीत आहे. सगळे पातेले उपसावे लागत नाही. एक शीत बोटांत दाबले की भात शिजला की नाही हे कळते. मात्र या म्हणीत तीन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. एक, पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. दोन, एक शीत काढल्याने उरलेल्या भाताचे काहीही बिघडत नाही. तीन, शीत पाहून पुढे काय करायचे ते ठरलेले असते: शिजला असेल तर पातेले उतरवायचे, नसेल तर आणखी एक वाफ द्यायची. यातले एखादे गृहीत लागू पडत नसेल, तर परीक्षा भाताची न होता फक्त त्या एका शिताची होते.

वैद्यकातली बायॉप्सी ही अशीच शितावरची परीक्षा आहे. शरीराच्या संशयित भागाचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. निदानासाठी ती एकदा करणे आवश्यक असते, याबद्दल वाद नाही. या लेखाचा विषय वेगळा आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या सौम्य कर्करोगावर लगेच उपचार न करता नुसती देखरेख ठेवायची असे ठरते, तेव्हा ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा बायॉप्सी करण्याची प्रथा आहे. या वेळापत्रकामागचा युक्तिवाद कितपत पक्का आहे, आणि त्यासाठी रुग्ण जी किंमत मोजतो ती योग्य आहे का, हे येथे तपासून पाहायचे आहे.

देखरेख म्हणजे काय?

प्रोस्टेट (पुरःस्थ) ग्रंथी पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते, वयाबरोबर वाढते. मूत्रनलिका तिच्यामधून जाते आणि तिच्या लगेच मागे गुदाशय असतो. हा शेजार पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. ही ग्रंथी पीएसए नावाचे प्रथिन तयार करते. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो व तो मोजता येतो. कर्करोगात हे प्रमाण वाढते; पण ग्रंथीची साधी वाढ, जंतुसंसर्ग, एवढेच काय नुकतीच केलेली बायॉप्सी यांनीही ते वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही चाचणी १९८६ मध्ये उपचारानंतरच्या पाहणीसाठी आणि १९९४ मध्ये रोग शोधण्यासाठी मान्य केली. त्यानंतर पाश्चात्य देशांत लक्षावधी पुरुषांची तपासणी झाली आणि ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशा असंख्य लोकांच्या हाती कर्करोगाचे निदान पडले.

अडचण अशी की या रोगाचे सगळे प्रकार सारखे घातक नसतात. पाश्चात्य देशांतील शवविच्छेदनांत ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त पुरुषांच्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या आहेत. हे लोक दुसऱ्याच कारणांनी वारले होते आणि त्यांतील बहुतेकांना आपल्याला असा काही रोग आहे हे कधी कळलेही नव्हते. घातक कोणता व निरुपद्रवी कोणता हे ओळखण्यासाठी डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पेशींच्या मांडणीवरून गुण देण्याची पद्धत सुचवली. तीच सुधारित रूपात आजही वापरतात. सर्वांत खालच्या म्हणजे ग्लीसन ६ श्रेणीचा रोग इतका मंद असतो की त्याला कर्करोग म्हणूच नये, असा प्रस्ताव काही तज्ज्ञांनी २०२२ मध्ये गंभीरपणे मांडला.

अशा सौम्य रोगासाठी ग्रंथी काढून टाकली किंवा तिच्यावर किरणोपचार केले, तर मूत्रावरचा ताबा जाणे, लैंगिक क्षमता कमी होणे, गुदाशयाला इजा होणे अशा तक्रारी मागे लागतात. म्हणून टोरांटोचे लॉरेन्स क्लॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वेगळी वाट धरली. उपचार पुढे ढकलायचे, लक्ष ठेवायचे आणि रोगाने रूप बदलले तरच हात घालायचा. हीच ‘सक्रिय देखरेख’. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातही असाच कार्यक्रम सुरू झाला. ही कल्पना अतिशय चांगली आहे आणि तिने असंख्य पुरुषांना अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवले आहे. टीका या कल्पनेवर नाही. टीका आहे ती लक्ष ठेवण्याच्या एका साधनावर.

वेळापत्रके किती प्रकारची?

प्रथम एक गोष्ट नजरेत भरते. जॉन्स हॉपकिन्सच्या कार्यक्रमात अनेक वर्षे दरवर्षी बायॉप्सी करत असत. टोरांटोत पहिल्या वर्षात एक आणि नंतर दर तीन-चार वर्षांनी एक. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथून २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रायस’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या, चौथ्या, सातव्या व दहाव्या वर्षी. पीएसए वेगाने वाढत असेल तर दरवर्षी. एका बायॉप्सीत साधारण बारा वेळा सुई टोचतात असे धरले, तर साठीच्या एका पुरुषाला सत्तरी गाठेपर्यंत एका वेळापत्रकाप्रमाणे सुमारे १२० टोचण्या आणि दुसऱ्याप्रमाणे ४८ टोचण्या सोसाव्या लागतील. रोग तोच, ग्रंथी तीच.

एकाच प्रश्नाला इतकी वेगवेगळी उत्तरे मिळतात, तेव्हा ती प्रयोगातून आलेली नसून अंदाजातून आलेली आहेत असे समजावे. प्रत्यक्षात तसेच आहे. ही वेळापत्रके तज्ज्ञांनी अनुभवाने आणि सावधगिरीने ठरवली. दर वर्षी बायॉप्सी केलेले आणि दर चार वर्षांनी केलेले असे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले, आणि कोणत्या गटात मृत्यू कमी झाले ते पाहिले, अशा प्रयोगाच्या पायावर ती उभी नाहीत.

दरवर्षीच्या बायॉप्सीचे समर्थक हॉपकिन्सचे आकडे दाखवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तेथील १,२९८ पुरुषांपैकी या रोगाने केवळ दोघे दगावले होते. त्याच वर्षीच्या टोरांटोच्या अहवालात ९९३ पुरुषांपैकी १५ जण या रोगाने दगावले होते. म्हणजे जास्त बायॉप्सी, कमी मृत्यू? असा निष्कर्ष काढणे मोहाचे आहे, पण ते चूक ठरेल. हॉपकिन्सने मुख्यतः अगदी कमी जोखमीचे रुग्ण निवडले होते. टोरांटोने मध्यम जोखमीचेही घेतले होते. हुशार मुलांची तुकडी आणि मिश्र तुकडी यांच्या निकालांतील फरकाचे श्रेय घटक चाचण्यांच्या संख्येला देण्यासारखे हे झाले. शिक्षकांना हा तर्कदोष वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिले गृहीत: सगळीकडे सारखे

आता म्हणीकडे वळू. निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार गोडी मोजण्यासाठी एकाच घडाचा एकच मणी घेत नाही. घडाच्या खांद्याकडचे मणी आणि टोकाकडचे मणी यांत साखर सारखी नसते. उन्हाच्या बाजूचा वेल व सावलीतला वेल यांतही फरक पडतो. म्हणून तो बागेत फिरून वेगवेगळ्या जागचे मणी गोळा करतो आणि मग रस काढून मापकावर पाहतो. जिथे वस्तू एकजिनसी नाही, तिथे एक नमुना पुरत नाही.

प्रोस्टेटमधील रोगही ठिपक्याठिपक्यांनी असतो. एका ठिकाणी सौम्य, दुसऱ्या ठिकाणी थोडा उग्र, बाकी निरोगी. सुईने निघणारा धागा किती मोठा असतो ते पाहू. तो साधारण १५ मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर जाड असतो असे धरू. दंडगोलाच्या सूत्राने त्याचे घनफळ सुमारे १२ घन मिलिमीटर येते. असे बारा धागे म्हणजे सुमारे १४० घन मिलिमीटर. वयस्क पुरुषाची ग्रंथी ४० घन सेंटिमीटर, म्हणजे ४०,००० घन मिलिमीटर, धरली तर आपण पाहिलेला भाग हजारात साडेतीन इतका भरतो. उरलेले ९९६ भाग न पाहिलेलेच राहतात.

पुन्हा बायॉप्सी करण्याच्या बाजूने हाच मुद्दा मांडतात: पहिल्या वेळी सुटलेले दुसऱ्या वेळी सापडेल. हे खरे आहे. पण याच मुद्द्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. समजा, ग्रंथीत उग्र रोगाचा एक लहानसा ठिपका पहिल्यापासून आहे. तो वाढत नाही, पसरत नाही. एका बायॉप्सीत सुई त्याला लागण्याची शक्यता २० टक्के आहे असे मानू. मग एका खेपेत न लागण्याची शक्यता ०.८, आणि पाच खेपांत एकदाही न लागण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३. याचा अर्थ, रोगात तिळमात्र बदल झालेला नसतानाही अशा तीनपैकी दोन पुरुषांना पाच खेपांत कधीतरी ‘तुमचा रोग वाढला’ असे ऐकावे लागेल.

बदलला तो रोग नाही, आपली माहिती बदलली. अहवालात मात्र दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने नोंदल्या जातात, आणि त्या शब्दावर पुढची शस्त्रक्रिया ठरते. शिवाय धागा पाहणाऱ्याची नजर हाही एक घटक आहे. सीमेवरच्या नमुन्याला एक तज्ज्ञ ६ गुण देतो तर दुसरा ७. जितक्या वेळा पाहाल, तितक्या वेळा या चढउताराला संधी मिळते.

दुसरे गृहीत: काही बिघडत नाही

शीत काढल्याने भाताचे काही बिघडत नाही. सुईचे तसे नाही. प्रचलित पद्धतीत सुई गुदाशयातून ग्रंथीत घालतात, कारण मार्ग जवळचा आहे आणि ध्वनिलहरींचे यंत्रही तेथूनच ग्रंथी दाखवते. पण गुदाशय म्हणजे जंतूंचे आगर. प्रत्येक टोचणीबरोबर तेथले जंतू ग्रंथीत आणि रक्तात जाऊ शकतात. ते होऊ नये म्हणून आधी प्रतिजैविक देतात.

ब्रिटनमध्ये १,१४७ पुरुषांना बायॉप्सीनंतर ३५ दिवस काय काय झाले याची काळजीपूर्वक नोंद केली गेली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४ टक्के पुरुषांना वेदना झाल्या, ६६ टक्क्यांच्या लघवीतून रक्त गेले, ३७ टक्क्यांच्या शौचावाटे, आणि ९३ टक्क्यांच्या वीर्यातून. साडेसतरा टक्क्यांना ताप आला. यातले बहुतेक त्रास आपोआप थांबतात, हेही त्याच अभ्यासात आहे. पण आधी नीट कल्पना दिली नसेल तर वीर्यात रक्त पाहून माणूस किती घाबरेल याचा विचार करावा. १.३ टक्के पुरुषांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

इतर ठिकाणचे आकडे यापेक्षा वाईट आहेत. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात बायॉप्सीनंतर तीस दिवसांत रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९६ मध्ये १ टक्का होते. २००५ मध्ये ते ४.१ टक्क्यांवर गेले. त्यातील बहुतेकांचे कारण जंतुसंसर्ग हेच होते. जंतू प्रतिजैविकांना जुमानेनासे झाल्याचा हा परिणाम असावा, असे संशोधकांचे मत पडले. आपल्याकडे तर ही बाब अधिकच काळजीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत रुग्णालयांतील ई. कोलाय जंतूंच्या निम्म्याहून जास्त नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालत नाही असे आढळले आहे. बायॉप्सीपूर्वी वर्षानुवर्षे मुख्यतः याच गटाची औषधे दिली गेली.

एका वेळी दोन टक्के हा आकडा लहान वाटतो. पण पाच वेळा बायॉप्सी झाली, तर निदान एकदा तरी रुग्णालयात जावे लागण्याची शक्यता १ वजा ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के होते. दर खेपेस चार टक्के धरले तर साडेअठरा टक्के. येथे प्रत्येक खेप स्वतंत्र आहे असे मानले आहे. प्रत्यक्षात ती तशी असेलच असे नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या विमा नोंदींवरून २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात नंतरच्या बायॉप्सीचा धोका पहिलीपेक्षा जास्त आढळला नाही. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयाच्या २०१४ मधील अभ्यासात मात्र आधीच्या प्रत्येक बायॉप्सीगणिक संसर्गाची शक्यता वाढत गेलेली दिसली. दोन्हींत कोणताही खरा मानला, तरी धोक्याची बेरीज होत राहते हे टळत नाही. रुग्णाला मात्र दर वेळी त्या एका खेपेचाच आकडा सांगितला जातो.

आकड्यांत न मावणारे ओझेही असते. समजा, निफाडजवळच्या एखाद्या गावात राहणारे ६६ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मधुमेह आहे, म्हणजे संसर्गाचा धोका मुळात जास्त. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तिचे काय करायचे ते आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारायला हवे. बायॉप्सीसाठी नाशिकला जायचे, बरोबर मुलाने यायचे आणि तेही द्राक्षांची तोडणी चालू असताना. रात्री थंडी वाजून ताप भरला तर पुन्हा नाशिक गाठायचे, कारण हा ताप घरी अंगावर काढण्यासारखा नसतो. मग अहवालाची आठ-दहा दिवस वाट पाहायची. अहवाल चांगला आला की सुटका होते, ती पुढच्या खेपेपर्यंत. ‘एक छोटीशी टोचणी’ या शब्दांत हे काहीच येत नाही.

पुरुषांनी याचे उत्तर पायांनी दिले आहे. प्रायस कार्यक्रमात पीएसए तपासणीला बोलावल्याप्रमाणे येणारे ९१ टक्के होते. बायॉप्सीला मात्र पहिल्या वर्षी ८१ टक्के, चौथ्या वर्षी ६०, सातव्या वर्षी ५३ आणि दहाव्या वर्षी ३३ टक्केच आले. हे २०१५ चे आकडे आहेत आणि तेही आरोग्यसेवा सुलभ असलेल्या देशांतले. तीनपैकी दोघे पाळत नाहीत असा नियम असेल, तर दोष नेहमी न पाळणाऱ्यांचाच असतो असे नाही.

तिसरे गृहीत: पुढे काय करणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बायॉप्सी थोडी उशिरा केली तर काय बिघडते? अमेरिका व कॅनडातील चार मोठ्या कार्यक्रमांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये गणिती प्रतिमानाने याचे उत्तर शोधले गेले. दरवर्षीऐवजी एक वर्षाआड बायॉप्सी केली, तर श्रेणी वाढल्याचे कळायला सरासरी ३ ते ५ महिने उशीर होतो, आणि बायॉप्सींची संख्या मात्र बरीच घटते. जो रोग वर्षानुवर्षे, कित्येकदा दशकानुदशके रेंगाळतो, त्यात हा उशीर किती मोठा मानायचा हे वाचकांनीच ठरवावे.

ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ ही चाचणी तर आणखी बोलकी आहे. तीत १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत विभागले: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख. देखरेख गटात लक्ष ठेवले ते मुख्यतः पीएसएवर. वेळापत्रकाप्रमाणे बायॉप्सी नव्हतीच. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण देखरेख गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रिया गटात २.२ टक्के आणि किरणोपचार गटात २.९ टक्के होते. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान आहे.

दुसरी बाजू

टीका करताना दुसरी बाजू लपवणे योग्य नाही. त्याच प्रोटेक्ट चाचणीत रोग शरीरात अन्यत्र पसरल्याचे प्रमाण देखरेख गटात ९.४ टक्के होते. शस्त्रक्रिया गटात ४.७ आणि किरणोपचार गटात ५ टक्के. पंधरा वर्षांत मृत्यूंत फरक पडला नाही म्हणून हाडांत पसरलेला रोग क्षुल्लक ठरत नाही. बारकाईने लक्ष ठेवले असते तर यातील काही टळले असते, असे म्हणायला जागा आहे. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे.

निदानानंतर वर्षभरात एकदा खात्रीची बायॉप्सी करण्यामागेही सबळ कारण आहे. पहिल्या वेळी सुटलेला उग्र ठिपका सापडण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते. माझा आक्षेप या खात्रीच्या बायॉप्सीला नाही. तिच्यानंतर काहीही बदललेले नसताना केवळ तारीख आली म्हणून होणाऱ्या बायॉप्सीला आहे.

आता तारखेला पर्यायही निर्माण झाले आहेत. पहिला एमआरआय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ चाचणीत ५०० पुरुषांपैकी निम्म्यांची आधी एमआरआय केली आणि संशयित जागीच सुई घातली. त्या गटातील २८ टक्के पुरुषांना बायॉप्सी करावीच लागली नाही, तरीही महत्त्वाचे कर्करोग नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त सापडले: ३८ टक्के विरुद्ध २६ टक्के. ही चाचणी पहिल्या निदानाची होती, देखरेखीची नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये देखरेखीसाठीही हाच विचार स्वीकारला. तिच्या वेळापत्रकात नियमित पीएसए, दरवर्षी हाताने तपासणी आणि बारा ते अठरा महिन्यांनी एक एमआरआय आहे; बायॉप्सी आहे ती शंका आली तर.

दुसरा पर्याय मार्गाचा. गुदाशय टाळून वृषणांच्या मागच्या त्वचेतून सुई घालता येते. २०२४ मधील एका अमेरिकन चाचणीत ६५८ पुरुषांपैकी या मार्गाच्या गटात एकालाही संसर्ग झाला नाही, तोही प्रतिबंधक प्रतिजैविक न देता. गुदाशयमार्गाच्या गटात चौघांना झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत दोन्ही मार्गांत फरक दिसला नाही. पण प्रतिजैविकांची बचत हाही लहान फायदा नव्हे.

एमआरआय म्हणजे जादूची कांडी नाही. तिच्यातूनही काही उग्र रोग सुटतात. ती वाचायला अनुभवी डोळा लागतो आणि तो प्रत्येक तालुक्याला उपलब्ध नाही. तपासणीचा खर्चही आहे. सुईच्या वेळापत्रकाच्या जागी यंत्राचे वेळापत्रक आणले, एवढ्याने विचार केल्यासारखे होत नाही. प्रश्न तोच राहतो: या तपासणीने आपला निर्णय बदलणार आहे का?

आपल्याकडची गोष्ट

भारतात पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये आणि ग्रामीण भागातील पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शीच्या नोंदींत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा कमी आहे. यात खरा फरक किती आणि शोधण्याच्या सोयींचा फरक किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. जिथे शोध जास्त, तिथे सापडणारही जास्त. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे ३८,००० नवे रुग्ण आढळले.

आपल्याकडे अजून बरेच रुग्ण उशिरा, हाडे दुखू लागल्यावर किंवा लघवी अडल्यावर येतात. त्यांना या लेखातील युक्तिवाद लागू नाही. लघवीतून रक्त जात असेल, पाठीचे हाड सतत दुखत असेल, तर तपासणी टाळण्याचे कारण म्हणून कोणी हा लेख पुढे करू नये. परंतु शहरांत ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या यादीत पीएसए घातली जाऊ लागली आहे आणि हे लोण तालुक्यापर्यंत पोचणारच. त्याबरोबर सौम्य रोगाची निदाने वाढतील, आणि देखरेखीची वेळापत्रके परदेशातून जशीच्या तशी येतील. ती ज्या जंतूंच्या, ज्या रुग्णालयांच्या आणि ज्या माणसांच्या अनुभवावर बेतली, ते आपले नाहीत. म्हणून हा विचार आताच करायला हवा.

देखरेखीवर असलेल्या रुग्णाने पुढची बायॉप्सी सुचवली गेल्यावर डॉक्टरांना काही साधे प्रश्न विचारावेत. मागच्या वेळेपासून काय बदलले? पीएसए वाढला असेल तर तो पुन्हा मोजला का, आणि संसर्गाचे कारण तपासले का? फिनास्टेराइडसारखी ग्रंथी आक्रसणारी गोळी चालू असेल, तर तिने पीएसए सुमारे निम्म्यावर येतो हे हिशेबात धरले का? आधी एमआरआय करून भागेल का? सुई कोणत्या मार्गाने घालणार? आणि अहवाल वाईट आला, तर माझ्या वयाला व प्रकृतीला शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार सोसणार आहेत का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बायॉप्सी कशासाठी करायची हे डॉक्टरांनाच विचारावे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना हा विषय ग्रंथीचे नाव न घेताही शिकवता येईल. कणकेचा एक मोठा गोळा मळा आणि त्यात रंगीत कणकेच्या तीन-चार लहान गोळ्या कुठेही दडवा. मुलांच्या प्रत्येक गटाला शीतपेयाची बारीक नळी देऊन बारा ठिकाणी खुपसायला सांगा व किती वेळा रंग लागला ते लिहून घ्या. मग त्याच गोळ्यावर दुसरी, तिसरी, चौथी फेरी घ्या. पहिल्या फेरीत रंग न लागलेल्या गटांपैकी काहींना नंतर रंग लागेल. तेव्हा विचारा: गोळ्यातला रंग वाढला का? काही मुले आधी ‘हो’ म्हणतील. त्यांना थांबवू नका. गटाने आपसांत वाद घालू द्या. चार फेऱ्यांनंतर गोळ्याची काय अवस्था झाली आहे तेही पाहायला सांगा. नमुना घेतल्याने वस्तूवर काय परिणाम होतो हा मुद्दा पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. छिद्रांनी चाळण झालेली कणीक तो मुलांना दाखवील. त्यानंतर आठवी-नववीच्या मुलांकडून ०.८ आणि ०.९८ यांचे घात काढून घ्यावेत. घातांक शिकायला याहून उपयोगी उदाहरण मिळणे कठीण आहे, कारण आज ना उद्या त्यांच्या घरातल्या कोणासाठी तरी हे गणित त्यांना करावे लागणार आहे.